बोटीवर एकापेक्षा अधिक जीपीएस असतील तर: मुख्य आणि राखीव स्रोतांची नीट मांडणी कशी करावी

नांगर टाकून झोपलो होतो आणि एकाच रात्रीत तीन वेळा नांगर घसरल्याचा इशारा वाजला. प्रत्येक वेळी वर येऊन पाहिले, तर किनाऱ्यावरचे दोन दिवे संध्याकाळी ज्या रेषेत होते त्याच रेषेत दिसत होते. बोट जागची हललेली नव्हती. चार्टप्लॉटरच्या, म्हणजे नकाशावर बोटीची जागा दाखवणाऱ्या उपकरणाच्या, पडद्यावर मात्र बोटीचे चिन्ह नऊ मीटर मागे-पुढे उड्या मारत होते. त्याचे कारण सापडायला मला जवळपास महिना लागला. चार्टप्लॉटरचा अँटेना केबिनच्या छताच्या पुढच्या टोकाला होता, एआयएसचा (जवळच्या जहाजांना आपले स्थान आपोआप कळवणाऱ्या यंत्रणेचा) अँटेना पिछाडीच्या कठड्यावर होता, दोघेही उपकरणांना जोडणाऱ्या एकाच जाळ्यावर आपापले स्थान पाठवत होते आणि पडदा कधी एकाचे, तर कधी दुसऱ्याचे ऐकत होता. दोन्ही रिसीव्हर अचूक होते, दोन्ही स्थाने खरी होती आणि तरीही यंत्रणा चुकीची होती.

आजच्या बोटीवर जीपीएस कमी पडत नाहीत, उलट ते नकळत वाढत जातात, कारण घेतलेल्या प्रत्येक नव्या उपकरणात एक रिसीव्हर आधीच बसवलेला असतो. या लेखात मी जे सांगणार आहे त्यामागची धारणा एकच आहे: कोणत्याही क्षणी स्थान कोणता रिसीव्हर सांगतो आहे हे तुम्हाला नावानिशी माहीत असले पाहिजे, आणि तो बंद पडल्यावर कोण पुढे येईल हे तुम्ही आधीच ठरवलेले असले पाहिजे. हे ठाऊक नसेल, तर चार रिसीव्हर असूनही तुमच्याकडे राखीव असा एकही नाही.

सुरुवात करण्याआधी हाताशी काय हवे

प्रत्येक उपकरणाची बसवणुकीची पुस्तिका घ्या; वापराची पुस्तिका पुरत नाही, कारण तारांचे रंग आणि जाळ्यावर पाठवल्या जाणाऱ्या संदेशांची यादी बहुधा बसवणुकीच्या पुस्तिकेतच असते. बोटीच्या तारांचा आराखडा असेल तर तो काढून ठेवा. नसेल तर तो दुसऱ्या पायरीत आपण करणारच आहोत. याशिवाय मल्टिमीटर, तारांवर लावायची चिकटपट्टी, न पुसली जाणारी शाई असलेले पेन, मोजपट्टी, वही आणि बॅटरीवर चालणारा हातातला जीपीएस किंवा जीपीएस असलेला फोन लागेल. हे काम बोट धक्क्याला पक्की बांधलेली असताना, दिवसाउजेडी आणि घाई नसताना करावे. पहिल्या वेळी मला पूर्ण दिवस लागला होता.

१. बोटीवरचा प्रत्येक रिसीव्हर शोधून काढा

वहीत एक तक्ता आखा आणि बोटीच्या नाळेपासून पिछाडीपर्यंत चालत जाऊन प्रत्येक उपकरण पाहा. चार्टप्लॉटर, वेगळा बसवलेला बाह्य अँटेना, एआयएस, डीएससी, म्हणजे कळ दाबून संकट-संदेश पाठवण्याची, सोय असलेला व्हीएचएफ रेडिओ, उपग्रह होकायंत्र, दुसऱ्या केबिनमधला पडदा, लॅपटॉपला जोडलेला यूएसबी रिसीव्हर आणि वायफायने जोडलेला टॅबलेट या सर्वांत रिसीव्हर असू शकतो. क्लास बी, म्हणजे लहान बोटींवरच्या, एआयएसमध्ये स्वतःचा अंतर्गत रिसीव्हर असतोच, कारण तशी त्या उपकरणाच्या मानकाची अट आहे. त्यामुळे ‘आम्ही एआयएससाठी वेगळा जीपीएस घेतलेला नाही’ असे कोणी सांगितले, तरी तो तक्त्यात लिहावाच लागतो.

तक्त्यात मॉडेल, अनुक्रमांक, सॉफ्टवेअरची आवृत्ती, अँटेनाची जागा आणि वीज कोणत्या फ्यूजवरून येते हे लिहा. फ्यूजचा रकाना अनेक जण गाळतात, परंतु माझ्या अनुभवात तोच सर्वांत बोलका ठरला: तीन रिसीव्हरपैकी दोन एकाच फ्यूजवर होते, म्हणजे एक फ्यूज उडाला की दोन्ही एकदम बंद पडणार होते.

२. कोण कोणाशी कोणत्या तारेवरून बोलतो ते काढा

बोटीवर साधारणपणे दोन प्रकारची जोडणी आढळते आणि दोघींचे स्वभाव वेगळे आहेत.

एनएमईए हे बोटीवरच्या उपकरणांनी एकमेकांशी बोलण्याचे मानक आहे. त्याच्या जुन्या ०१८३ पद्धतीत एका तारेवर एकच उपकरण बोलते आणि बाकीची ऐकतात. सामान्य वेग सेकंदाला ४८०० बिट इतका असतो, म्हणजे सेकंदाला सुमारे ४८० अक्षरे जातात. एक वाक्य, म्हणजे एक संदेश, जास्तीत जास्त ८२ अक्षरांचे असू शकते. त्यामुळे पूर्ण लांबीची पाचच वाक्ये एका सेकंदात बसतात. दोन रिसीव्हरची वाक्ये मल्टिप्लेक्सरमधून (अनेक तारांवरचे संदेश एकत्र करणाऱ्या उपकरणातून) अशा एकाच तारेवर आणली, तर तार भरून जाते आणि वाक्ये उशिरा पोहोचतात किंवा गळतात. दोन उपकरणांच्या पाठवण्याच्या तारा मल्टिप्लेक्सरशिवाय एकत्र जोडणे तर पूर्णच चूक आहे; त्यात दोघांचेही संदेश बिघडतात. याहून मोठी अडचण ओळखीची आहे. ०१८३ च्या वाक्यात बोलणाऱ्याची ओळख म्हणून केवळ दोन अक्षरे असतात आणि जीपीएस रिसीव्हर ‘जीपी’ किंवा ‘जीएन’ ही अक्षरे लावतो. दोन्ही रिसीव्हरने ‘जीपी’ लावले, तर ऐकणाऱ्याला ते दोन वेगळे आहेत हे कळण्याचा मार्गच उरत नाही.

एनएमईए २००० मध्ये सर्व उपकरणे एकाच बॅकबोनवर, म्हणजे मुख्य तारेवर, असतात, वेग सेकंदाला २,५०,००० बिट असतो आणि प्रत्येक संदेशाबरोबर पाठवणाऱ्याचा पत्ता येतो. त्यामुळे येथे निवड करता येते. तरीही हा पत्ता कायमचा नसतो, हे लक्षात ठेवा. दोन उपकरणांनी एकच पत्ता मागितला, तर त्यांच्यातले एक माघार घेऊन दुसरा पत्ता घेते, आणि नवे उपकरण जोडल्यावर असे घडू शकते. म्हणूनच मुख्य स्रोत निवडताना पत्त्यावर विसंबू नका. मॉडेल आणि अनुक्रमांक पाहून निवडा.

कागदावर प्रत्येक उपकरणाची चौकट काढा आणि माहिती ज्या दिशेने जाते त्या दिशेचा बाण काढा. बाण काढत असताना ०१८३ आणि २००० यांना जोडणाऱ्या गेटवेकडे विशेष लक्ष द्या. माझ्या बोटीवर एका तंत्रज्ञाने असा गेटवे बसवला होता की चार्टप्लॉटर २००० वरून स्थान घेत होता, ते ०१८३ वर पाठवत होता आणि गेटवे तेच स्थान पुन्हा २००० वर आणत होता. पडद्यावरच्या यादीत त्यामुळे एक ‘नवा’ जीपीएस दिसत होता, जो प्रत्यक्षात पहिल्याचाच थोडा उशिरा आलेला प्रतिध्वनी होता. अशा प्रतिध्वनीला राखीव स्रोत समजणे हा फार घातक गैरसमज आहे, कारण मूळ रिसीव्हर थांबला की तोही थांबतो. कागदावरचा बाण फिरून त्याच चौकटीत परत येत असेल, तर गेटवेच्या मांडणीतून स्थानाचे संदेश वगळा.

याच वेळी बॅकबोनचे आरोग्यही पाहून घ्या. वीज बंद करून माहिती वाहणाऱ्या दोन तारांमधला रोध मोजा. दोन्ही टोकांना १२० ओहमचे एकेक टर्मिनेटर (टोकाला लावायचा रोधक) असल्यामुळे तो सुमारे ६० ओहम यायला हवा. सुमारे १२० आला तर एक टर्मिनेटर गायब आहे किंवा बॅकबोन मध्येच तुटलेला आहे, आणि ४० आला तर कोणी तरी तिसरा टर्मिनेटर लावलेला आहे. बॅकबोनच बिघडलेला असेल, तर पुढच्या सर्व पायऱ्या फसव्या ठरतील.

३. प्रत्येक स्रोत एकेकटा तपासा

एका वेळी एकच रिसीव्हर चालू ठेवा आणि बोट बांधलेल्या जागी किमान अर्धा तास त्याचे स्थान नोंदवा. उपग्रहांची संख्या, एचडीओपीचा आकडा आणि एसबीएएसची (स्थान अधिक अचूक करण्यासाठी वेगळ्या उपग्रहांवरून येणारी) सुधारणा मिळते आहे का, हेही पाहा. एचडीओपी जितका लहान तितकी उपग्रहांची मांडणी अनुकूल असते. सर्व उपकरणांवर नकाशाचा आधार (अक्षांश-रेखांश मोजण्याची चौकट) डब्ल्यूजीएस ८४ हाच निवडलेला आहे याची खात्री करा. एकावर जुना स्थानिक आधार राहून गेला असेल, तर स्थान शेकडो मीटरने सरकलेले दिसू शकते आणि तुम्ही विनाकारण रिसीव्हरला दोष देत बसाल.

तारीखही तपासा, कारण येथे एक जुना सापळा आहे. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्यांची मोजणी १० बिटांत होते, म्हणून दर १०२४ आठवड्यांनी ती शून्यावर येते. असे १९९९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये घडले. काही जुने रिसीव्हर आजही अगदी अचूक स्थान देतात आणि तारीख मात्र १०२४ आठवडे, म्हणजे साडेएकोणीस वर्षांहून अधिक मागची सांगतात. असा रिसीव्हर राखीव म्हणून पुढे आला, तर भरती-ओहोटीचे आकडे चुकतात, प्रवासाची नोंद विस्कटते आणि नकाशावर बोट योग्य जागी दिसत असल्यामुळे कोणाला शंकाही येत नाही.

स्थान किती बारकाईने पाठवले जाते, यातही फरक असतो. ०१८३ वर मिनिटाचे तीनच दशांश अंक येत असतील, तर अक्षांशातला शेवटचा अंक जवळपास १.८५ मीटरचा असतो. २००० वरच्या जलद स्थान-संदेशात हीच पायरी सेंटीमीटरभराची असते. म्हणून गेटवेतून आलेला मार्ग पायऱ्यापायऱ्यांचा दिसला, तर तो रिसीव्हरचा दोष समजू नका. त्या जलद संदेशाची मर्यादाही माहीत असावी: क्रमांक १२९०२५ च्या या संदेशात केवळ अक्षांश आणि रेखांश असतात. उपग्रह किती आहेत आणि स्थान किती विश्वासार्ह आहे हे १२९०२९ क्रमांकाच्या संदेशात येते. राखीव रिसीव्हर दोन्ही संदेश पाठवतो का, हे त्याच्या पुस्तिकेत पाहून घ्या.

४. क्रम ठरवा, आणि तो कामानुसार ठरवा

सर्वांत अचूक रिसीव्हर मुख्य करावा, हा पहिला विचार सर्वांच्याच मनात येतो. माझ्या मते अचूकतेला तिसरे स्थान द्यावे. मोकळ्या आकाशाखाली आजचा कोणताही सुस्थितीतला रिसीव्हर काही मीटरांच्या आत स्थान देतो, आणि बोटीच्या नेहमीच्या कामाला ते पुरते. पहिला प्रश्न अँटेनाच्या जागेचा आणि दुसरा विजेचा आहे.

अँटेना डोलकाठीच्या टोकावर असेल, तर त्याला आकाश उत्तम दिसते, परंतु बोट डोलली की तो झोके घेतो. १५ मीटर उंचीवरचा अँटेना बोट १५ अंश कलली की एका बाजूला जवळजवळ ४ मीटर सरकतो, आणि तेवढी हालचाल वेगाच्या व मार्गदिशेच्या (बोट प्रत्यक्षात ज्या दिशेने सरकते तिच्या) आकड्यांत उतरते. खाली, बोटीच्या मध्याजवळ, मोकळ्या जागी बसवलेला अँटेना अधिक शांत आकडे देतो. फायबरग्लासच्या छताखाली बहुतेक अँटेना काम करतात. कार्बनच्या किंवा धातूच्या छताखाली ते करत नाहीत. रडारच्या किरणांच्या वाटेत आणि प्रक्षेपण करणाऱ्या अँटेनाला खेटून तो बसवू नये. उपग्रह दूरध्वनीबाबत विशेष सावध राहावे: जीपीएसची नेहमीची वारंवारता १५७५.४२ मेगाहर्ट्झ आहे आणि इरिडियम या उपग्रह दूरध्वनीचे प्रक्षेपण १६१६ मेगाहर्ट्झच्या वर, म्हणजे अगदी शेजारी आहे. मुख्य आणि राखीव असे दोन्ही अँटेना त्या दूरध्वनीच्या बाजूलाच उभे केले, तर एक फोन लावताच दोन्ही अडखळण्याची शक्यता असते.

विजेबाबत नियम सरळ आहे: मुख्य आणि पहिला राखीव हे वेगवेगळ्या फ्यूजवर हवेत. चार्टप्लॉटरचा अंतर्गत जीपीएस मुख्य करण्यात एक अडचण अशी, की पडदा बंद पडला की जीपीएसही जातो, आणि सर्वच चार्टप्लॉटर आपले स्थान इतर उपकरणांसाठी जाळ्यावर पाठवतातच असे नाही. म्हणून वेगळा बाह्य रिसीव्हर मुख्य, चार्टप्लॉटरचा अंतर्गत रिसीव्हर पहिला राखीव आणि एआयएसचा दुसरा राखीव, असा क्रम मी ठेवला आहे.

रेडिओचा विचार मात्र निराळा करावा. डीएससीच्या मूळ संकट-संदेशात स्थान अंश आणि पूर्ण मिनिटांत जाते. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर. येथे नऊ मीटरच्या फरकाला काहीच अर्थ नाही. स्थान अजिबात नसणे हा खरा धोका आहे. हाताने घातलेले स्थानही रेडिओ कायम ठेवत नाही, २३.५ तासांहून जुने झाले की ते पुसले जाते. त्यामुळे रेडिओत स्वतःचा रिसीव्हर असेल तर तो चालूच ठेवावा आणि जाळ्यावर जे काही घडेल त्यापासून रेडिओ स्वतंत्र राहू द्यावा. केबिनमध्ये पाणी शिरून बॅकबोन बंद पडला तरी संकटाची कळ दाबल्यावर स्थान गेले पाहिजे.

५. निवड उपकरणांत नोंदवा

मुख्य स्रोत निवडण्याची सोय गार्मिनच्या उपकरणांत ‘प्रिफर्ड सोर्सेस’ या नावाने असते, रेमरीनमध्ये ‘डेटा सोर्सेस’, तर सिमरॅड, बी अँड जी आणि लॉरन्स यांच्यात ‘सोर्सेस’ या नावाने. आवृत्तीनुसार मेनूची जागा बदलते, म्हणून आपल्या आवृत्तीची पुस्तिका समोर ठेवा.

‘ऑटो सिलेक्ट’ ही कळ येथे बहुतेकांना फसवते. ती दाबली की उपकरण त्या क्षणी जे स्रोत चालू असतील त्यांतून एक निवडते. एआयएस सर्वांत आधी सुरू झाला आणि बाह्य रिसीव्हरला उपग्रह मिळायला वेळ लागला, तर एआयएसच मुख्य होऊन बसू शकतो. स्वयंचलित निवड वापरायचीच असेल, तर सर्व उपकरणे चालू असताना आणि सर्वांना स्थान मिळालेले असताना ती करा आणि नंतर यादी उघडून कोण निवडले गेले ते वाचा.

दुसरा सापळा अनेक पडद्यांचा आहे. काही यंत्रणांत सर्व पडदे एका गटात असतात आणि एका पडद्यावरची निवड सर्वांना लागू होते. गटाबाहेर ठेवलेला पडदा मात्र स्वतःची निवड वापरत राहतो. आतला पडदा आणि सुकाणूजवळचा पडदा वेगळे स्थान दाखवत असतील, तर सर्वप्रथम हेच तपासा.

स्थान, वेग, मार्गदिशा, तारीख आणि वेळ यांची निवड काही यंत्रणांत स्वतंत्र असते. स्थान एकाकडून आणि मार्गदिशा दुसऱ्याकडून घेतली जाऊ नये, कारण दोघांची सरासरी काढण्याची पद्धत निराळी असते आणि वळण घेताना बोटीचे चिन्ह व तिच्या पुढची रेषा यांचा मेळ बसत नाही. शीर्षदिशेसाठी, म्हणजे बोटीची नाळ कोणत्या दिशेला आहे त्यासाठी, वेगळा होकायंत्र-संवेदक असणे मात्र योग्यच आहे. थांबलेल्या बोटीची मार्गदिशा अर्थहीन असते.

६. ज्यांची गरज नाही त्यांना शांत करा

निवड नोंदवल्यावरही जी उपकरणे निवडीचा विचार न करता जे मिळेल ते ऐकतात, त्यांच्यासाठी ही पायरी आहे. जुने स्वयंचलित सुकाणू, साधे आकडे दाखवणारे पडदे आणि वायफाय गेटवे यांच्यात अशी उपकरणे आढळतात. ज्या रिसीव्हरचे जाळ्यावरचे स्थान कोणालाच नको आहे, त्याचे प्रक्षेपण मांडणीत जाऊन बंद करा. एआयएसच्या बाबतीत अंतर्गत रिसीव्हर बंद करायचा नसतो. तो इतरांना आपले स्थान पाठवतो ते तेवढे बंद करायचे असते आणि तशी सोय काही मॉडेलमध्येच असते. एआयएसमध्ये अँटेनापासून नाळ, पिछाडी आणि दोन्ही बाजूंपर्यंतची अंतरे भरलेली असतात. ती मोजपट्टीने पुन्हा मोजून घ्या, कारण अँटेना हलवल्यावर हे आकडे बदलायचे राहून जातात.

लॅपटॉप आणि टॅबलेटवरही हेच लागू आहे. ओपनसीपीएन या नकाशा-सॉफ्टवेअरच्या अलीकडच्या आवृत्त्यांत स्रोतांचा अग्रक्रम ठरवता येतो. तो तपासून घ्या.

७. मुद्दाम बिघाड घडवून पाहा

ही पायरी सर्वाधिक गाळली जाते आणि माझ्या लेखी सर्वाधिक मोलाची आहे. बोट बांधलेली असताना मुख्य रिसीव्हरचा प्लग काढा आणि घड्याळ पाहा. किती सेकंदांनी राखीव स्रोत पुढे आला, इशारा वाजला का, चिन्ह किती मीटर सरकले आणि स्रोताचे नाव बदलल्याचे पडद्यावर कुठे दिसले, हे लिहून ठेवा. त्यानंतर प्लग परत लावा. येथे यंत्रणा वेगवेगळी वागतात: काही मुख्य स्रोताकडे आपोआप परततात, काही राखीव स्रोतावरच थांबून राहतात. माझी यंत्रणा थांबून राहत होती आणि मला हे पुष्कळ उशिरा कळले. एका सफरीचा उत्तरार्ध मी दुसऱ्याच रिसीव्हरवर केला होता.

हीच चाचणी नंतर मोकळ्या, खोल आणि रहदारी नसलेल्या पाण्यात, स्वयंचलित सुकाणू मार्ग धरून चालत असताना, सुकाणूवर हात ठेवून करा. मार्गापासूनचे बाजूचे अंतर स्थानावरून काढले जाते. स्थानाने अचानक उडी घेतली की सुकाणू ती चूक सुधारायला वळते. अरुंद खाडीत हा अनुभव पहिल्यांदा घेण्याची वेळ येऊ नये.

८. चालत्या बोटीवर ओळखायच्या खुणा

मागचा मार्ग करवतीच्या दात्यांसारखा उमटणे, प्रवासाचे अंतर प्रत्यक्षाहून जास्त भरणे, बांधलेल्या बोटीचे चिन्ह ठरावीक दोन जागांमध्ये फिरणे आणि वेळ एखाद्या सेकंदाने मागे जाणे, यांपैकी काहीही दिसले तर दोन स्रोत मिसळत आहेत असे समजा. साध्या खराब स्थानात चिन्ह सर्व दिशांना भरकटते. मिसळलेल्या स्रोतांत ते दोनच जागा धरून असते.

सर्व रिसीव्हर एकदम चुकले, तर मांडणी कितीही चोख असली तरी उपयोग नाही, कारण ते त्याच आकाशातले उपग्रह ऐकतात. ग्लोनास किंवा गॅलिलिओ या इतर उपग्रह-यंत्रणांचे संकेतही घेणारे रिसीव्हर असले तरी जवळच्या वारंवारतांवरचा जोरदार अडथळा सर्वांनाच अडवू शकतो, आणि बनावट संकेत त्यांना एकसारखेच फसवू शकतात. याला उपाय जीपीएसच्या बाहेरच शोधावा लागतो: खोलीमापकाचा आकडा नकाशावरच्या खोलीशी जुळतो का, रडारवरचा किनारा नकाशावरच्या किनाऱ्यावर बसतो का, आणि हातातल्या होकायंत्राने घेतलेल्या दोन दिशा कोठे छेदतात. मी किनाऱ्याजवळ दर अर्ध्या तासाने यांपैकी एक तपासणी करतो आणि नोंदवहीत स्थानाशेजारी स्रोताचे नावही लिहितो.

९. नोंद बोटीवरच ठेवा

स्रोतांचा क्रम, फ्यूजचे क्रमांक, स्रोत बदलण्याच्या मेनूची वाट आणि चाचणीत मोजलेले सेकंद एका कार्डावर लिहून ते पाण्यापासून सुरक्षित करून स्विचबोर्डजवळ लावा, म्हणजे तुम्ही झोपलेले असताना पहाऱ्यावरच्या माणसाला ते वाचता येईल. सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यावर, उपकरण मूळ स्थितीला आणल्यावर किंवा नवे उपकरण जोडल्यावर पाचवी आणि सातवी पायरी पुन्हा करा. अशा वेळी निवड पुसली जाण्याची किंवा स्वयंचलितवर परत जाण्याची शक्यता असते. नव्या कार्डावर तारीख घाला आणि जुने कार्ड त्याच वेळी काढून टाका.